घंटागाडी, क्यूआर कोड आणि स्वयंपाकाचा ओटा: सोलापुरात घरच्या कचऱ्यासाठी फोन कसा वापरावा

सोलापुरात घरच्या कचऱ्याचा हिशेब वर्षानुवर्षे कुणीच ठेवला नाही. घंटागाडी आली तर आली, नाही आली तर कोपऱ्यावर ढीग पडायचा. तक्रार तोंडी व्हायची आणि तिचे उत्तरही तोंडीच मिळायचे. २०१६ साली तीन गोष्टी जवळजवळ एकदम घडल्या. जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत सोलापूरचे नाव आले, ८ एप्रिलला केंद्राचे घनकचरा व्यवस्थापन नियम निघाले आणि त्याच वर्षी केंद्राचे स्वच्छता ॲप लोकांच्या हाती आले. त्यानंतर देशभरातल्या शहरांत कचरागाड्यांना जीपीएस लागले, घरांच्या दारांवर क्यूआर कोड चिकटले, तक्रारी फोनवरून जाऊ लागल्या.

ही साधने नोंद ठेवतात. गाडी कुठे होती, किती वाजता आली, तक्रार कधी केली, ती कधी बंद झाली, हे सगळे त्यांच्यामुळे कागदावर येते. मात्र भाजीचे देठ आणि दुधाची पिशवी एकमेकांपासून वेगळी करण्याचे काम कोणतेही ॲप करत नाही. ते ओट्यापाशी आपल्यालाच करावे लागते, आणि ते झाले नसेल तर पुढची सगळी यंत्रणा फक्त मिसळलेल्या कचऱ्याचा अचूक माग काढते. म्हणून या लेखातला क्रम ओट्यापासून सुरू होतो आणि महापालिकेच्या टेबलापाशी पोचतो. कृपा करून मधल्या पायऱ्या गाळू नका.

पायरी १: ओट्यापाशी चार जागा करा

२०१६ च्या नियमांत ओला, सुका आणि घातक असे तीन भाग होते. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत चार आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा कचरा. चार डबे म्हटले की जागेची अडचण पुढे येते. पूर्व भागातल्या दोन खोल्यांच्या घरात तर ती येणारच. पण रोज भरणारे डबे दोनच असतात. ओल्यासाठी झाकणाचा छोटा डबा ओट्याखाली ठेवा आणि सुक्यासाठी दाराआड एक जुनी पोती टांगा. सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून, वर लाल पेनाने मोठा ठिपका काढून वेगळे द्या. हाताने कचरा निवडणाऱ्या माणसाला आत काय आहे ते न उघडता कळले पाहिजे, एवढ्यासाठी तो ठिपका. चौथा भाग म्हणजे बंद पडलेले बल्ब, सेल, मुदत संपलेली औषधे, रंगाचे डबे. त्यासाठी कपाटावर एक खोके पुरते, ते भरायला कित्येक महिने लागतात.

आपल्याकडच्या काही वस्तूंबद्दल घरोघरी गोंधळ होतो, म्हणून त्या नावानिशी सांगते. शेंगांची टरफले ओल्या कचऱ्याबरोबर चालतात, पण ती वेगळी साठवलीत तर पायरी ३ मध्ये सोन्यासारखी उपयोगी पडतील. शेंगाचटणीचे पाकीट सुक्यात जाते, मात्र आतले तेल पुसून टाका, कारण तेलकट प्लास्टिक कुणी घेत नाही. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, तो तुकडा इतका लहान असतो की पुढे कुणाच्याच हाती लागत नाही. पिशवी धुऊन, वाळवून सुक्यात टाका. यंत्रमागाच्या किंवा शिलाईच्या घरातल्या चिंध्या आणि सुताचा गुंता ओल्यात कधीही घालू नका. धागा कचऱ्यावर प्रक्रिया करणाऱ्या यंत्राच्या फिरत्या भागांना गुंडाळला जातो आणि यंत्र थांबते. विड्या वळणाऱ्या घरांत तेंदूच्या पानांची कातरण रोज निघते. तंबाखूचा चुरा झटकून ती वेगळी ठेवा, तिचाही उपयोग पुढे आहे.

हे सगळे एवढे काटेकोर का? तुळजापूर रस्त्यावर ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि त्यावर वीज तयार करण्याचा प्रकल्प उभा राहिला. अशा प्रकल्पात हवाबंद टाकीत जिवाणू अन्नाचे अंश कुजवतात आणि मिथेन हा जळणारा वायू तयार होतो. त्या टाकीत प्लास्टिक, काच, चिंध्या गेल्या तर जिवाणूंना खायला काही मिळत नाही आणि नळ्या तुंबतात. तोच ओला कचरा उघड्या डेपोत ढिगाखाली दबला तरी मिथेनच तयार होतो, फक्त तेव्हा तो हवेत जातो आणि उन्हाळ्यात ढीग पेट घेतात. म्हणजे वीज करायची की धूर, याचा बराचसा निर्णय आपल्या ओट्यापाशी होतो.

पायरी २: पंधरा दिवस वजन करा

आपल्या घरातून किती कचरा निघतो हे बहुतेकांना सांगता येत नाही. बॅग तोलायचा लटकता डिजिटल काटा कुणाकडे तरी असतोच, तो मागून घ्या. रोज गाडी यायच्या आधी ओला आणि सुका वेगवेगळा तोला आणि फोनमधल्या गूगल शीटमध्ये टाका. रकाने मोजके ठेवा: तारीख, ओला किती ग्रॅम, सुका किती ग्रॅम, गाडी किती वाजता आली, शेरा. शीट घरातल्या दोघातिघांच्या फोनवर उघडी ठेवली तर कामाचा भार एकीवर पडत नाही. माझ्या मते हे महत्त्वाचे आहे. घरच्या कचऱ्याचे काम न विचारता बाईकडे येते, आणि सोबत ही नवी डिजिटल वहीसुद्धा तिच्याच माथी मारली तर ती महिन्याभरात बंद पडेल.

पंधरा दिवसांत चित्र स्पष्ट होते. भारतीय शहरांत घरच्या कचऱ्यातला साधारण निम्मा भाग ओला असतो. तुमच्या शीटमध्ये ओल्याचे वजन त्याहून बरेच जास्त दिसले तर शिळे अन्न किती जाते ते पाहा. भाकरी उरत असेल तर त्यावर सोलापूरकराला उपाय शिकवायची गरज नाही, कडक भाकरी याच मातीत जन्मली. सुक्याचे वजन कमी पण पोती रोज भरत असेल तर घरी येणाऱ्या पार्सलांकडे लक्ष द्या. खोकी चपटी करा आणि चिकटपट्टी काढा.

पायरी ३: ओला कचरा घरीच जिरवा, सोलापूरच्या उन्हाचा विचार करून

घरी खत करण्याची बहुतेक माहिती पुण्या-मुंबईच्या हवेला धरून लिहिलेली असते. तिथे डबा फार ओला होतो, वास येतो, अळ्या पडतात. आपल्याकडे पावसाळ्याचे काही आठवडे सोडले तर अडचण बरोबर उलटी असते. एप्रिल-मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, गच्चीवरचा डबा दोन दिवसांत कोरडा ठणठणीत होतो आणि आतले जिवाणू काम थांबवतात. लोकांना वाटते खत झाले, प्रत्यक्षात भाजी नुसती वाळलेली असते.

त्यासाठी असे करा. बुडाला आणि कडेला भोके पाडलेली बादली किंवा मातीचा माठ घ्या आणि तो उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या सावलीत, जमिनीलगत ठेवा. तळाशी चार बोटे टरफले किंवा उसाचा वाळलेला चोथा पसरा. उन्हाळ्यात रसवंतीवाल्याकडे चोथा भरपूर मिळतो. त्यावर दिवसाचा ओला कचरा बारीक करून टाका आणि प्रत्येक थरावर कोरडा माल पसरा: चुरलेली टरफले, कडब्याचा भुसा, तेंदूच्या पानांची कातरण. कोरडा माल आकारमानाने निदान ओल्याइतका हवा, पावसाळ्यात दुप्पट. सुरुवातीला मूठभर शेण किंवा वाटीभर आंबट ताक घातले की काम लवकर सुरू होते. डाळिंबाची साल आणि लिंबाची फोड चालते, फक्त बारीक चिरून घाला, नाहीतर महिनोन्महिने तशीच राहते.

ओल तपासायची रीत साधी आहे. मूठभर मिश्रण हातात घेऊन दाबा. मुठीचा आकार टिकला आणि बोटांतून पाणी गळले नाही तर ओल बरोबर. मूठ उघडताच ते सुटून पडले तर पाणी हवे. नळाचे पाणी काही दिवसांआड येणाऱ्या शहरात खतावर चांगले पाणी ओतवत नाही, ते ओतूही नये. तांदूळ-डाळ धुतलेले पाणी त्यासाठी बाजूला ठेवा.

फोन इथे दोन कामांना येतो. आठवड्यातून दोनदा ढवळण्याचा गजर लावा, कारण न ढवळलेल्या डब्यात हवा जात नाही आणि वास सुटतो. आणि दर रविवारी एकाच जागेवरून, एकाच उजेडात डब्याचा फोटो काढा. रंग बदलतो आहे का, पातळी खाली जाते आहे का, हे फोटो शेजारी शेजारी ठेवल्यावरच कळते. साधारण दोन महिन्यांत खाली काळे, भुसभुशीत, पावसाच्या मातीसारखा वास येणारे खत दिसू लागते. ओल आणि तापमान मोजणारी यंत्रे बाजारात मिळतात, पण एका घरासाठी त्यांवर पैसे घालू नका. मूठ पुरते.

पायरी ४: दारावरचा कोड आणि गाडीतले जीपीएस समजून घ्या

काही शहरांत घरोघरी क्यूआर कोड किंवा छोटी आरएफआयडी पट्टी (रेडिओ लहरींनी वाचता येणारी) लावलेली असते. सफाई कर्मचारी कचरा घेताना ती आपल्या फोनने किंवा यंत्राने वाचतो, आणि त्या घराची त्या दिवसाची नोंद वेळेसह नियंत्रण कक्षात जाते. गाडीतले जीपीएस दर काही सेकंदांनी गाडीची जागा पाठवते. ठरलेला मार्ग नकाशावर आखलेला असतो, त्यामुळे कोणती गल्ली सुटली ते संगणकाला दिसते. तुमच्या दारावर असा कोड असेल तर चार गोष्टी पाळा.

कोड गेटजवळ, हात पोचेल अशा उंचीवर आणि थेट उन्हापासून दूर असू द्या. आपल्या उन्हात छपाई उडते आणि मग स्कॅन होत नाही. रंगकाम करताना तो झाकला जाणार नाही हे पाहा. कोड स्कॅन झाला म्हणजे कचरा वेगळा दिला असे नव्हे. त्या नोंदीत वर्गीकरणाचा रकाना आहे का, हे कर्मचाऱ्याला किंवा मुकादमाला जरूर विचारा आणि नसेल तर तो असावा अशी लेखी मागणी करा. माझ्या मते सगळ्या यंत्रणेतला सर्वांत मोलाचा रकाना तोच आहे. बाकीचे रकाने गाडीवर लक्ष ठेवतात, हा एकच आपल्यावर ठेवतो.

चौथी गोष्ट सावधगिरीची. कचरा स्कॅन करायला तुमचा ओटीपी लागत नाही, बँकेचा तपशील लागत नाही. महापालिकेतून बोलतो, कचऱ्याचा कोड चालू करायचा आहे, लिंकवर दोन रुपये भरा, असे कुणी म्हणाले तर फोन ठेवा. घरातल्या आजी-आजोबांना हे आजच सांगून ठेवा.

स्कॅनर हातात असलेल्या माणसाबद्दलही बोलले पाहिजे. स्कॅनची संख्या कमी भरली तर जाब त्याला विचारला जातो, मग दार बंद असो वा कोड खराब. गाडी येण्याच्या वेळेला कचरा तयार ठेवणे आणि दार उघडणे एवढे आपण केले तरी त्याच्या दिवसातली बरीच ओढाताण वाचते.

पायरी ५: तक्रार अशी लिहा की ती बंद करता येणार नाही

स्वच्छता ॲपमध्ये मोबाइल क्रमांकाने नोंदणी होते. तक्रारीचा प्रकार निवडायचा, फोटो काढायचा, जागा नकाशावर निश्चित करायची आणि पाठवायचे. तक्रारीला क्रमांक मिळतो आणि तिची स्थिती पाहता येते. इतके सोपे असूनही अनेक तक्रारी वाया जातात, कारण त्या मोघम असतात.

‘आमच्या भागात खूप घाण आहे’ या वाक्यावर कोणताही अधिकारी काही करू शकत नाही. त्याऐवजी असे लिहा: ‘जुळे सोलापूर, अमुक नगर, अमुक मंदिराच्या मागचा रस्ता. सोमवारपासून गुरुवारपर्यंत घंटागाडी आली नाही. त्याआधी रोज सकाळी ८ च्या सुमारास येत असे. ३० घरांचा कचरा अडकला आहे. मार्ग पूर्ववत करावा.’ जागा, काळ, आधीची स्थिती, परिणाम आणि मागणी, पाचही त्यात आहेत. तारखा कुठून आणायच्या? पायरी २ मधल्या शीटमधून. त्या शीटचे खरे मोल इथे कळते.

फोटो काढताना फोनचे लोकेशन चालू ठेवा. एक फोटो जवळून आणि एक दुरून, ज्यात दुकान, विजेचा खांब किंवा पाटी अशी कायमची खूण दिसेल. शेजाऱ्यांचे चेहरे, मुले, गाड्यांचे क्रमांक त्यात येऊ देऊ नका. एका तक्रारीत एकच विषय घ्या. गाडी न येणे आणि गटार तुंबणे एकत्र लिहिले तर तक्रार दोन खात्यांमध्ये फिरत राहते. काम न होताच ती बंद झाल्याचे दिसले तर प्रतिक्रियेत असमाधानी असल्याचे नोंदवा, त्याच जागेचा नवा फोटो जोडून पुन्हा तक्रार करा आणि जुना क्रमांक त्यात लिहा. काम झाले तर तेही नोंदवा. चांगल्या कामाची नोंद ठेवणे हाही नागरिकाच्या कामाचाच भाग आहे.

कचरा जाळणाऱ्यांची तक्रार मात्र थांबवून ठेवू नका. राष्ट्रीय हरित लवादाने २२ डिसेंबर २०१६ रोजी उघड्यावर कचरा जाळण्यास देशभर मनाई केली. साध्या जाळण्याला ५,००० रुपये आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये भरपाई ठरवली. प्लास्टिक जळताना निघणारा धूर पहिल्यांदा जाळणाऱ्याच्याच घरात शिरतो, हे शेजारी म्हणून आधी प्रेमाने सांगा. ऐकले नाही तर फोटो आणि वेळ आहेच.

पायरी ६: सुका कचरा आणि जुनी इलेक्ट्रॉनिक उपकरणे

रद्दी-भंगाराचा धंदा आता व्हॉट्सॲप आणि यूपीआयवर आला आहे. फोटो पाठवा, भाव विचारा, वेळ ठरवा. काटा तुमच्या समोर शून्यावर आला का ते पाहा. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, हे पक्के लक्षात ठेवा. नेहमीचा भंगारवाला आणि कचरावेचक ताई यांना डावलून ॲपवाल्याला बोलवायची गरज मला वाटत नाही. शहरातला पुनर्वापर आजवर त्यांनीच चालवला. उलट त्यांचा क्रमांक इमारतीच्या ग्रुपवर टाका म्हणजे त्यांना दहा घरांचा माल एका फेरीत मिळेल.

जुना फोन देण्याआधी फोटो दुसरीकडे उतरवून घ्या, सगळ्या खात्यांतून बाहेर पडा, सिम आणि मेमरी कार्ड काढा आणि फोन मूळ स्थितीत आणा. फुगलेली बॅटरी कचऱ्यात टाकू नका, कारण गाडीत दाबली गेली की ती पेट घेते. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांनुसार जुन्या उपकरणांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर आहे. म्हणून कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा दुकानात जुने परत घेण्याची सोय विचारा.

पायरी ७: इमारतीने एकत्र यायचे असेल तर

आधी आकडे काढा. समजा इमारतीत ४० घरे आहेत, घरटी चार माणसे आणि माणशी दिवसाला ४०० ग्रॅम कचरा. म्हणजे रोज ६४ किलो, त्यात ओला सुमारे ३२ किलो. दिवसाला १०० किलो किंवा त्याहून जास्त कचरा करणारी संकुले नियमांच्या दृष्टीने मोठे कचरा निर्माते ठरतात आणि ओल्याची जबाबदारी त्यांच्यावर जास्त येते. या हिशेबाने ६० घरांच्या पुढची इमारत त्या रेषेजवळ पोचते.

ग्रुपवर रोज सूचना टाकून माणसे कंटाळतात. आठवड्यातून एकदा, एकच चित्र टाका: या आठवड्यात ओला किती, सुका किती, मिसळलेला किती. घराचे नाव घेऊन कुणाला लाजवू नका, त्याने वर्गीकरण वाढत नाही, भांडण वाढते. मिसळलेला डबा आला तर त्या घरी समोर जाऊन बोला. आणि आपल्या शहरात हे बोलणे मराठीइतकेच तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही व्हावे. जिन्यावरच्या पत्रकावर चारही भाषा आणि चित्रे असू द्या. लिहिलेले वाचता न येणाऱ्यांसाठी ३० सेकंदांचा आवाज ग्रुपवर टाकला तर तो सगळे ऐकतात.

जानेवारीत गड्डा यात्रेच्या दिवसांत, गणपतीत आणि दिवाळीच्या साफसफाईत वजन एकदम चढते. मागच्या वर्षाची शीट असेल तर त्या आठवड्यांसाठी जादा फेरी आधीच मागता येते. निर्माल्याचा डबा तेवढ्यापुरता वेगळा ठेवा. फुलांचे खत उत्तम होते, त्यातले दोरे, थर्माकोल आणि चमकीचा कागद मात्र काढून टाका.

पायरी ८: तीन महिन्यांनी झोन कार्यालयात जा

शीटची छपाई घेऊन आरोग्य निरीक्षकांना भेटा. किती दिवस गाडी आली, सरासरी वेळ काय होती, कोणत्या वारी चुकली, एवढे एका पानावर मांडा. वेळ बदलून हवी असेल तर तीही सांगा. सकाळच्या पाळीला जाणाऱ्या घरांत ८ वाजता कुणी नसते, आणि तिथे ६ वाजता फिरणारी गाडी सगळा प्रश्न सोडवते. बोलणे झाले की मुद्दे लिहून त्याच दिवशी कार्यालयाच्या ईमेलवर पाठवा.

इतके करूनही हलले नाही तर माहिती अधिकार आहे. महाराष्ट्र शासनाच्या ऑनलाइन पोर्टलवर जिथे महापालिकेचा पर्याय मिळेल तिथे, नाहीतर कागदावर अर्ज करा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. प्रश्न नोंदींबद्दल विचारा, मतांबद्दल नको: आमच्या मार्गावरील घंटागाडीची अमुक ते अमुक तारखांची जीपीएस नोंद, त्या मार्गाचा मंजूर नकाशा, चुकलेल्या फेऱ्यांवर केलेल्या कारवाईच्या प्रती आणि वेगळ्या घेतलेल्या ओल्या-सुक्या कचऱ्याची महिनावार वजने. उत्तर आले की ते आपल्या शीटशेजारी ठेवा आणि तारीख जुळवत जा.